पाऊणपट तिथी, अर्धा सेकंद

कोकणात फोटो काढायला जायचं म्हटलं की लोक आधी पावसाचा अंदाज बघतात. मी कालनिर्णय काढतो. आजोबा वेळणेश्वरचे. त्यांनी लहानपणी शिकवलेलं एक गणित अजून पुरतंय : तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. अमावास्येला नि पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण मोबाइलला रेंज नसलेल्या गावात एवढं पुष्कळ झालं. पाऊणकी पाठ असलेली ती शेवटची पिढी. मला कॅल्क्युलेटर लागतो.

ह्या गणितातून फोटोवाल्याला कळायची गोष्ट अशी, की अमावास्येच्या संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी असते आणि सूर्य मावळतो पावणेसातला. म्हणजे उजेड चांगला असतो तेव्हा खडक उघडे, ओली वाळू लांबवर पसरलेली आणि पाणी नुकतंच परत फिरलेलं. अष्टमीला जाल तर त्याच वेळी पाणी कड्याच्या पायथ्याशी धडका देत असतं. दोन्ही छान, पण दोन्ही वेगळे फोटो.

म्हणून श्रावण वद्य एकादशी ते अमावास्या असे पाच दिवस धरले. नारळी पौर्णिमा झालेली, ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठलेली, धबधबे भरलेले, आणि गणपतीच्या गर्दीला अजून चार दिवस अवकाश. सोबत भाचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ट्रायपॉड उचलायला आणि छत्री धरायला म्हणून नेला. कॅमेरा माझा जुना डीएसएलआर, एक वाइड लेन्स, आणि फिल्टर चार : एक पोलरायझर, बाकी तीन काळे, तीन स्टॉपचा, सहाचा आणि दहाचा. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. काळा फिल्टर म्हणजे लेन्सचा गॉगल. दहा स्टॉपचा लावला की उजेड हजारावा हिस्सा उरतो, आणि जो फोटो सेकंदाच्या साठाव्या भागात आला असता त्याला सतरा सेकंद लागतात. त्या सतरा सेकंदांत पाण्याने काय करायचं ते पाण्यावर.

दिवस पहिला : एकादशी

पुण्याहून पहाटे निघालो. उंब्रजला हायवे सोडला, पाटण, कोयनानगर, आणि मग कुंभार्ली घाट. घाटात ढग इतके खाली की पुढच्या ट्रकचे लाल दिवेच काय ते दिसत होते. वाटेत मला साबुदाण्याची खिचडी, भाच्याला मिसळ. त्याची एकादशी त्याच्या आजीच्या घरापुरती असते.

चिपळूणला पोचून लॉजवर सामान टाकलं. रिसेप्शनच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक रेघ ओढलेली आणि खाली तारीख : २२ जुलै २०२१. मॅनेजर काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. कॅमेऱ्याची बॅग मात्र मी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली.

साडेपाचला सवतसड्यावर. परशुराम घाटाच्या अंगाला, मुंबई-गोवा महामार्गावरून दिसणारा हा धबधबा. नावामागे दोन सवतींची गोष्ट सांगतात. शनिवार नव्हता तरी पन्नासेक माणसं पाण्यात. भाचा म्हणाला, "मामा, एवढ्या गर्दीत काय फोटो येणार?"

इथे लाँग एक्सपोजरची एक जादू कामाला येते. शटर तीस सेकंद उघडं ठेवलं तर जो माणूस चालतोय तो फोटोत उमटतच नाही, कारण कुठल्याच एका जागी तो पुरेसा वेळ नसतो. तीस सेकंदांनी स्क्रीनवर बघितलं तर धबधबा रिकामा! फक्त मधल्या खडकावर तीन भुतं. ती सेल्फी काढत उभी राहिलेली मुलं. हात वर, अंगातून पाणी आरपार वाहतंय.

भाचा खूश झाला. मी नाही. कारण धबधब्याचंही भूत झालं होतं. तीस सेकंदांत धारा, थेंब, खडकावर आपटून उडालेला तुषार, सगळं एकावर एक चढून नुसता पांढरा कापूस. जगातल्या कुठल्याही धबधब्याचा असा कापूस करता येतो. मग सवतसडाच कशाला हवा?

उजेड उतरत होता. पोलरायझर फिरवला. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची चकाकी पुसली गेली नि खालचा हिरवा रंग वर आला. हे काम नंतर कॉम्प्युटरवर होत नाही, जागेवरच करावं लागतं. काळा फिल्टर आता नकोच होता. एफ-अकराला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक ठेवून, अर्धा सेकंद पुरे पडत होता. मी पाव, अर्धा, एक आणि चार सेकंद असे चार काढले. पाव सेकंदात धारा मोजता येतात पण जरा टोचतात. अर्ध्यात धार धारच राहते, नुसतं तिचं अंग सैल पडतं. एकाला पदर सुटतो. चारला पुन्हा कापूस. शिवाय चार सेकंदांत धबधब्याच्या वाऱ्याने बाजूची पानं हलून नुसता हिरवा चिखल झालेला.

"पण मामा, पाणी असं दिसतं कुठे?"

हा प्रश्न पुढचे चारही दिवस माझ्या मागे लागणार होता. त्या वेळी मी म्हटलं, सेकंदाच्या हजाराव्या भागात गोठवलेला थेंब तरी कुठे दिसतो तुला? ते त्याला पटलं नाही. मलाही उत्तर जरा वकिली वाटलं.

दिवस दुसरा : द्वादशी

बारा पाऊण नऊ. नऊ वाजता हेदवीच्या बामणघळीवर असायचं म्हणून सहाला चिपळूण सोडलं. गुहागर, पालशेत, वेळणेश्वर. आजोबांचं घर आता दुसऱ्यांकडे आहे. गाडी हळू केली, थांबवली नाही.

हेदवीला लोक येतात ते दशभुजा गणपतीला. बामणघळ समुद्राच्या टोकाला, उमामहेश्वराच्या देवळापाशी. काळ्या खडकाला पडलेली अरुंद, खोल, सरळसोट चीर. भरतीच्या वेळी लाट त्या चिरेत शिरते, पुढे जायला जागा नसते, मागून दुसरी लाट ढकलते, आणि मग सगळं पाणी उभंच्या उभं आकाशात जातं. एक ब्राह्मण ह्या घळीत पडला म्हणून हे नाव, असं सांगतात.

साडेआठलाच पोचलो होतो. पहिला फवारा उडाला तेव्हा भाच्याने नकळत माझा दंड धरला. आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना. मी घाईघाईने बॅगेतून कॅमेरा काढला, ट्रायपॉडवर चढवला, डोळा लावला, तर समोर दुधी काच. गाडीत दीड तास एसी चालू, कॅमेरा गारठलेला, बाहेर श्रावणातली दमट हवा. लेन्सवर बाष्प. पुसलं की पुन्हा धरायचं. पुसून उपयोग नसतो, काच बाहेरच्या हवेइतकी गरम व्हावी लागते. ऐन भरतीची वीस मिनिटं मी लेन्स शर्टाच्या आत पोटाशी धरून अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा बसून काढली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी माहीत असतं.

तोवर भाच्याने मोबाइलवर लाइव्ह फोटो काढला, त्यातला लाँग एक्सपोजरचा पर्याय दाबला, आणि मला आणून दाखवला. चांगला होता. बराच चांगला होता.

नऊ वाजून गेल्यावर काच निवळली. क्रम ठरलेला असतो : आधी फिल्टरशिवाय चौकट आणि फोकस, मग फोकस मॅन्युअलवर, कारण काळ्या फिल्टरमधून कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही आणि तो चाचपडत बसतो. स्टॅबिलायझेशन बंद. मग फिल्टर फिरवून बसवायचा, पण फोकसच्या रिंगला धक्का न लावता. मग दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबल्याची थरथर उतरते. ढगाळ उजेडात एफ-अकराला साठावा भाग येत होता. दहा स्टॉप लावून सतरा सेकंद.

पहिल्या फोटोत आडवा जांभळा पट्टा. व्ह्यूफाइंडरमधून मागचा उजेड शिरला होता. डीएसएलआरचा हा जुना रोग. कॅमेरा गळ्यात अडकवायच्या पट्ट्यालाच एक रबरी झाकण असतं, ते त्या भोकावर बसवायचं. बसवलं. दुसरा फोटो स्वच्छ आला, आणि त्यात बामणघळच नव्हती. खडक होते, चीर होती, चिरेवर थोडी वाफ रेंगाळत होती. सतरा सेकंदांपैकी पाणी वर असतं जेमतेम दोन सेकंद. उरलेले पंधरा सेकंद मागचं आकाश त्याच जागी उमटत राहतं आणि फवाऱ्याला पुसून टाकतं. कालच्या गर्दीसारखं. ज्याच्यासाठी पहाटे उठलो त्यालाच मी गर्दी समजून पुसलं होतं.

दहाचा काढला, सहाचा लावला. एक सेकंद. छिद्र एफ-आठ एवढं मोठं केलं, अर्धा सेकंद. आता बटण कधी दाबायचं ते महत्त्वाचं झालं. टायमर बंद केला आणि वायरचा रिमोट लावला, नाहीतर ते दोन सेकंद आधी ओळखावे लागले असते. लाट घळीच्या तोंडाशी फुगते, क्षणभर सगळं गप्प होतं, घळीतून हवेचा एक हुंकार येतो. तो हुंकार आला की दाबायचं. तेवीस फोटो काढले, त्यांतले दोन धड. एकात पाणी खालून वर ओढलेल्या ब्रशच्या फटकाऱ्यासारखं, टोकाला फाटलेलं, आणि वरून परत पडणाऱ्या थेंबांच्या बारीक रेघा.

तिथे शेळ्या घेऊन एक म्हातारे आले होते. बराच वेळ आमची लगबग बघत होते. म्हणाले, "त्या पांढऱ्या रेघेच्या पुढं जाऊ नका हां." रेघ म्हणजे खडकावर वाळलेल्या मिठाची कड. तिथवर पाणी येऊन गेलेलं आहे, म्हणजे परत येऊ शकतं. नकाशा, ॲप, पाऊणकी ह्या सगळ्यांपेक्षा सोपं. त्या दिवसापासून मी कुठल्याही खडकावर आधी मिठाची कड शोधतो.

दुपारी तवसाळहून फेरीबोटीने गाडीसकट जयगडला उतरलो. शास्त्रीचं पाणी गढूळ, चहासारखं. श्रावणात कोकणचा समुद्र निळा नसतो हे इंटरनेटवरचे फोटो बघून येणाऱ्यांना सांगायला हवं. नद्यांच्या तोंडाशी तपकिरी, पुढे राखाडी. मी म्हणून हल्ली समुद्र काळा-पांढराच करतो. बोटीवर भाच्याने ट्रायपॉड उघडायला घेतला. म्हटलं, राहू दे, ट्रायपॉड हलत नसेल पण बोट हलतेय.

मालगुंडला मुक्काम. केशवसुतांच्या गावात संध्याकाळी वीज नव्हती. शेजारी गणपतीची चित्रशाळा होती, तिथे बॅटरीच्या दिव्यावर डोळ्यांची आखणी चाललेली. तास-दीड तास तिथेच बसलो. कॅमेरा काढावासा वाटला नाही. जेवायला अळूचं फदफदं आणि तांदळाची भाकरी. श्रावणात समुद्रकाठी येऊन मासे न खाणारे आम्ही दोघंच, असा खाणावळवाल्याचा चेहरा होता.

दिवस तिसरा : त्रयोदशी

रात्रीपासून जो लागला तो लागला. समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता. किनारा सोडून देवरुखमार्गे मार्लेश्वरला गेलो. पाचशेच्या आसपास पायऱ्या, वर गुहेत देव, समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्यावरून धारेश्वर. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. आज आम्ही, पुजारी, आणि पायऱ्यांवरून खाली वाहणारा ओढा.

धारेश्वर पूर्ण ताकदीने कोसळत होता. खाली जायची वाट बंद केलेली, ते बरोबरच होतं. पायऱ्यांच्या वळणावरून समोरासमोर दिसतो. भाच्याने छत्री धरली. पण पाऊस वरून येत होता आणि धबधब्याचा तुषार समोरून. छत्री वरच्याला अडवते, समोरच्याला कोण अडवणार? काच पुसली की पाच सेकंदांत पुन्हा पन्नास थेंब. फोटोत प्रत्येक थेंबाचा एक धूसर गोळा.

दोन युक्त्या केल्या. एक, लेन्सवर कोरडा पंचा टाकून ठेवायचा, शटर उघडायच्या क्षणी भाच्याने तो खेचायचा. तो खेचताना लेन्स फिरली, ते सोडून द्या. दुसरी युक्ती बरी चालली : तीस सेकंदांचा एक फोटो काढायचाच नाही. अर्ध्या सेकंदाचे वीस काढायचे, दर दोन-तीन फोटोंनी काच पुसायची, आणि घरी जाऊन कॉम्प्युटरवर त्या विसांची सरासरी काढायची. पाणी हवं तेवढं मऊ होतं. थेंब दर वेळी वेगळ्या जागी पडलेला असतो, त्यामुळे सरासरीत विरून जातो. आणि मुख्य म्हणजे वीस नकोत, सहाच घ्यायचे असं घरी ठरवता येतं. जागेवर घेतलेले तीस सेकंद परत करता येत नाहीत.

उघडझाप करताना पांढऱ्या धारेकडे लक्ष ठेवावं लागलं. मागे काळा ओला कडा, पुढे पांढरंशुभ्र पाणी. कॅमेऱ्याचा मीटर काळ्याला भुलतो आणि पांढऱ्याची चुन्याची भिंत करून टाकतो. एक स्टॉप अंधार ठेवला. काळ्यातलं नंतर उकरून काढता येतं, पांढऱ्यातून गेलेलं जातं.

खाली उतरल्यावर खरी पंचाईत झाली. पोलरायझर आणि सहाचा फिल्टर एकमेकांत अडकले. दोन दिवसांची वाळू आट्यांत बसली होती. जितकं घट्ट धरावं तितकी पातळ रिंग दबून अंडाकृती होते आणि आणखी अडकते. चहाच्या टपरीवरच्या काकू दहा मिनिटं आमची कुस्ती बघत होत्या.

"काय, झाकण बसलंय होय? आणा इकडं."

त्यांनी पिंपाच्या मागून कुकरची एक जुनी रिंग काढली, कात्रीने तिचे दोन तुकडे केले, एक वरच्या फिल्टरच्या कडेला गुंडाळला, एक खालच्याच्या. मला म्हणाल्या, "दाबायचं नाय, नुसतं धरायचं नि फिरवायचं." फिरलं. कर्र करून फिरलं. ते दोन तुकडे आता माझ्या बॅगेच्या कप्प्यात कायमचे आहेत. ह्याच कामासाठी एक प्लॅस्टिकचं यंत्र मिळतं, मी ते विकत घेतलेलं आहे, आणि ते घरी ड्रॉवरमध्ये आहे.

रात्री रत्नागिरी. सगळं सामान पंख्याखाली पसरलं. सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत भरल्या. कोकणातल्या पावसात लेन्सला पाण्याची भीती कमी, बुरशीची जास्त.

दिवस चौथा : चतुर्दशी

पाऊस थांबला, ढग राहिले. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडी, आणि पुढे कशेळीचा सडा. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं पठार. उन्हाळ्यात तवा, श्रावणात गालिचा. सीतेच्या आसवांची जांभळी फुलं एवढ्याशा ओलीवर उभी होती, मध्ये गेंदांच्या पांढऱ्या टाचण्या. पाय कुठे टाकावा कळेना. ट्रायपॉडचे तिन्ही पाय उघड्या कातळावरच ठेवायचे असं ठरवलं आणि त्यामुळे हव्या त्या जागेवरून एकही फोटो मिळाला नाही. असू दे.

ह्याच सड्यांवर कुणीतरी कधीकाळी कातळात चित्रं कोरली. कशेळीचा हत्ती त्यांतला नावाजलेला. पावसात त्याच्या रेघांत पाणी साचतं. जमिनीवर उभं राहून तो पुरता दिसतही नाही, इतका मोठा. कोरणाऱ्याने तरी कुठून बघितला असेल?

सड्यावरचं पाणी कडेला जमतं आणि कड्यावरून खाली समुद्राकडे सुटतं. ह्या ओघळांना नावं नाहीत, चार महिन्यांचं आयुष्य. असा एक सापडला. वर गोडं पाणी लोंबतंय, खाली खारं पाणी फुटतंय, दोन्ही एका चौकटीत. आणि दोघांचे सेकंद जुळेनात. ओघळ बारीक, त्याला अर्धा सेकंद हवा. खालच्या लाटेला दोन हवेत, नाहीतर नुसता फेसाचा गोंधळ. अर्ध्याला लाट बिघडते, दोनला ओघळ कोळिष्टक होतो. तासभर झटापट केली. मग वाऱ्याने निकाल लावला. समुद्रावरून एक झोत आला नि ओघळ खाली पडायच्या ऐवजी उलटा वर उडाला, आमच्या तोंडावर. भाचा इतका हसला की ट्रायपॉड हलला.

आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेतलं आणि तिथेच राहिलो. घावणे आणि नारळाचं गूळ घातलेलं दूध. लवकर झोपलो.

दिवस पाचवा : अमावास्या

सकाळी आईचा फोन. "आज पिठोरी अमावास्या आहे, समुद्रावर जाऊ नकोस." म्हटलं, आई, अमावास्या म्हणूनच तर आलोय. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

जैतापूरची खाडी ओलांडून पडेल कँटीन, देवगड, मग तारामुंबरीचा पूल उतरून कुणकेश्वर. देऊळ अगदी वाळूला लागून. चारला पोचलो. पंधरा पाऊण सव्वाअकरा, अधिक सव्वासहा तास, साडेपाच. पाणी मागे सरकत होतं आणि देवळासमोरच्या खडकांवर कोरलेल्या पिंडी एकेक करून वर येत होत्या. भरतीला त्या पाण्याखाली असतात. रोज दोनदा समुद्र अभिषेक करतो, पुजाऱ्याची गरज नाही.

देवदर्शन घेतलं, चपला गाडीत ठेवल्या, आणि अनवाणी खडकांवर. भाच्याला आता सांगावं लागत नव्हतं. मिठाची कड त्यानेच शोधली, लेन्स आधी उघड्या हवेत अर्धा तास गरम व्हायला त्यानेच ठेवली.

चौकट अशी : समोर एक पिंड, तिच्या भोवती खाचेत साठलेलं पाणी, मागे समुद्र, वर फाटत चाललेले ढग. लाट येताना फोटो काढला तर सगळा फेस. सगळी गंमत लाट परतताना असते. पाणी पिंडीला वळसा घालून मागे जातं, फेसाच्या रेघा ओढत नेतं, आणि त्या रेघा दीड-एक सेकंदात फोटोवर उमटतात. कंगव्याने केस विंचरावेत तशा. म्हणून लाट चढू द्यायची, थांबू द्यायची, आणि ती मागे फिरायला लागली की दाबायचं. समुद्र सात-आठ लाटा किरकोळ पाठवतो आणि मग दोन-तीन भरभक्कम. ती लय पकडायला वीस मिनिटं नुसतं बघत बसावं लागलं. ही वीस मिनिटं मला नेहमी सगळ्यात आवडतात, त्यांचा फोटो येत नाही.

पहिले काही फोटो अस्पष्ट आले. दीड सेकंद, ट्रायपॉड दणकट, वारा नाही, तरी क्षितिज दुहेरी. नंतर कळलं, एक पाय वाळूत होता. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि पाय त्या दीड सेकंदातच बोटभर खचतो. तिन्ही पाय खडकावर आणले. मधला दांडा खाली घेतला. मग जमलं.

सूर्य ढगांच्या फटीतून खाली आला तेव्हा सहा वीस झाले होते. आता उजेड कमी कमी होत होता आणि त्याबरोबर सेकंद वाढत होते. दोन, तीन, पाच. मी चौकटीत पूर्ण बुडालो होतो. भाचा दुसऱ्या खडकावर मोबाइल घेऊन. साडेपाचची ओहोटी म्हणजे साडेपाचनंतर भरती, हे गणित ज्याने चार दिवस सगळ्यांना ऐकवलं त्याला ते आठवायला हवं होतं.

"ओ, बॅग खंयची ती? उचला आधी, पाणी भरूक लागला!"

वळून बघितलं. आम्ही पुढच्या खडकांवर होतो, आणि मागच्या सखल वाळूतून पाणी आमच्या आणि देवळाच्या मध्ये शिरलं होतं. घोट्याएवढंच, पण बॅग तिथेच होती, तळ भिजत. हाक मारणारे लुंगी खोचलेले एक गृहस्थ, हातात घरी न्यायचं खेकड्याचं जाळं. त्यांनीच बॅग उचलून उंचावर ठेवली. सिलिका जेलच्या पुड्या, कुकरची रिंग, दहाचा फिल्टर, सगळं ओलं. फिल्टरला काही होत नाही. गोड्या पाण्याने धुतला की झालं. मला झालं ते वेगळं.

"खंयसून इलास?"

"पुण्याहून. पण आजोळ गुहागरकडचं," असं मी उगाच जोडलं. ज्याला भरती कळली नाही त्याने गुहागरचं नाव कशाला घ्यायचं?

"काय काडतास इतको येळ?"

मी त्यांना स्क्रीनवर शेवटचा फोटो दाखवला. तीस सेकंदांचा, अंधार पडताना काढलेला. पिंड काळी, भोवती सगळं गुळगुळीत, राखाडी, धुक्यासारखं. त्यांनी जवळ घेऊन बघितला, लांब धरून बघितला.

"ह्यात समुद्र खंय गेलो?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी काही न बोलता स्क्रीनवर मागे मागे जात साडेपाचच्या सुमाराचा दीड सेकंदाचा फोटो समोर आणला. परतणारं पाणी, पिंडीला वळसा, रेघा.

"हां. हो आमचो," ते म्हणाले आणि जाळं खांद्यावर टाकलं. "चला आता, रवा नको हंय. मोठी येतली."

ट्रायपॉड तसाच उघडा खांद्यावर घेऊन आम्ही त्यांच्या मागून निघालो. ते पाय टाकतील तिथेच पाय टाकत.